ऐसपैस टाकीतले भांडखोर

चंद्रवसाहतीत काम करणाऱ्या आईला ताजी मासळी मिळावी म्हणून चैत्रालीने जिवाचं रान केलं होतं. आणि तिचे मासे मात्र एकमेकांच्या शेपट्या कुरतडत होते.

संध्याकाळी यान सुटणार होतं. जखमी मासे यानात चढवायचे नाहीत, असा यानतळावरचा नियम. त्यामुळे चैत्रालीचा पाय एका जागी ठरत नव्हता.

"टाकी मोठी, पाणी स्वच्छ, खाणं पोटभर. मग यांना झालंय तरी काय?" तिने आजोबांना विचारलं. आजोबा, म्हणजे डॉक्टर भार्गव तांडेल, मत्स्यशास्त्रज्ञ (माशांचा अभ्यास करणारे) होते. शेजारच्या टाकीत चिलापी माशाची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) दाटीवाटीने राहायची. त्यांची दया येऊन चैत्रालीने हट्टाने थोडीशीच पिल्लं यानातून जाणाऱ्या या टाकीत सोडली होती.

"कोपऱ्यातला तो दांडगा सगळ्यांना चावतोय," खंड्या म्हणाला. खंड्या हा टाक्यांवर देखरेख करणारा यंत्रमानव. राखणदाराला मासेखाऊ पक्ष्याचं नाव देण्याचा खट्याळपणा आजोबांचाच.

चैत्रालीने त्या दांडग्याला जाळीने उचलून बाहेर काढलं. जरा वेळ बरं चाललं. मग दुसराच एक त्या कोपऱ्यात ठाण मांडून बसला आणि येईल त्याच्यावर धावून जाऊ लागला. चैत्राली अगदी रडकुंडीला आली.

"दोष त्या माशाचा नाही गं," आजोबा म्हणाले. "समज, तू मैदानाचा एक कोपरा अडवलास. दोघीतिघी आल्या तर हाकलशील. अख्खी शाळा आली तर?"

"कुणाकुणाच्या मागे धावू? नाद सोडून देईन."

"चिलापीही सोडून देते."

"मग भरू खच्चून?"

"आधी शेजारी बघ."

शेजारच्या टाकीत पिल्लं वर येऊन तोंडं उघडत होती. गर्दी फार झाली की पाण्यात विरघळलेला प्राणवायू पुरत नाही, खंड्याने सांगितलं. अमोनिया (माशांनी बाहेर टाकलेला विषारी पदार्थ) साठतो, पिल्लं नीट खात नाहीत आणि वाढ खुंटते.

म्हणजे दोन्ही टाक्या चुकल्या होत्या, आणि एकीवरचा उपाय दुसरीत होता. चावलेली पिल्लं तिने जड मनाने वेगळ्या घमेल्यात काढली. मग शेजारच्या टाकीतली धडधाकट पिल्लं थोडी थोडी आणून सोडायला सुरुवात केली. दर वेळी खंड्या प्राणवायू मोजायचा आणि ती भांडणं बघायची. दुपार कलली तेव्हा कोपरा अडवणारा मासा हळूहळू थव्यात मिसळला. प्राणवायूही पुरेसा होता.

"याला म्हणतात संचयन घनता (ठरावीक पाण्यात किती मासे ठेवले ते)," आजोबा म्हणाले. "प्रत्येक जातीची वेगळी, आणि पिल्लांच्या वजनाप्रमाणे बदलणारी."

टाकी तपासणीत पास झाली. पण यान सुटताना चैत्रालीला आजोबांचं 'वजनाप्रमाणे बदलणारी' एकदम आठवलं. तिने धावत जाऊन आईला पडद्यावर गाठलं.

"आई, पिल्लं वाढतील गं. आज बरोबर असलेली टाकी उद्या अपुरी पडेल."

"मग मी काय करू?" आईने विचारलं.

चैत्राली दिवसभरात पहिल्यांदा हसली.

"गर्दी व्हायला लागली की थोडे थोडे खात जा," ती म्हणाली. "पण सगळे संपवू नकोस हं. थोडेच उरले तर भांडतील."