तिसऱ्या माइकवरचा आवाज

प्रार्थनागृहांत साउंड सांभाळणारी माणसं बहुतेक हौशी असतात. कोणी मास्तर, कोणी औषधांच्या दुकानात कामाला. माइक कुठे ठेवायचा, स्पीकर मध्येच शिट्टी का मारतो, हे त्यांना समजावं म्हणून मी घरच्या मागच्या खोलीत व्हिडिओ बनवतो. तीस धडे झाले होते. एकतिसावा समूहगानाचा: प्रत्येक गळा वेगळा ऐकायचा आणि मग सगळे एकमेकांत बसवायचे.

उदाहरणासाठी जुनी हार्ड डिस्क काढली. आमच्या प्रार्थनागृहातल्या गाण्यांची बावीस वर्षांपूर्वीची तालीम, पाच माइक, पाच ट्रॅक. पहिल्यावर आई. दुसऱ्यावर शिंपीणकाकू, जिला सगळ्यांच्या आधी गाणं संपवायची घाई. तिसऱ्यावर ताई. मी तेव्हा मिक्सरवर बसायचो आणि आईला वाटायचं, मी झोपलोय.

सकाळी सगळे ट्रॅक ऐकले. ताईचा वरचा सूर तर दोनदा मागे जाऊन ऐकला. मग कॅमेरा लावला, बाकीचे बंद करून फक्त आईचा ट्रॅक सुरू केला. आई जाऊन नऊ वर्षं झाली. ती खाकरली, वहीचं पान उलटलं. "काकू, गाडी पकडायचीय का तुम्हाला?" मी एकटाच हसलो. मग तिचा नेहमीचा प्रश्न आला.

"माझा आवाज येतोय ना रे?"

"येतोय," मी सवयीने बोलून गेलो.

"मग ताईचा का येत नाही?"

हे वाक्य मला आठवत नव्हतं. बावीस वर्षांत माणूस बरंच विसरतो, असं म्हणून मी तिसरा ट्रॅक उघडला. पडद्यावर सरळ रेघ. वायर तपासली, सेटिंग पाहिलं, दुसऱ्या डिस्कवरची प्रतही लावली. तिथेही तिसरा ट्रॅक कोरा.

ताई दोन गल्ल्या सोडून राहते. दुपारी तिला बोलावलं. आई गेल्यापासून ती गायली नव्हती. कोणी आग्रह केला की "घसा गेला आता" म्हणायची आणि चहा टाकायला उठायची.

"तुझा भाग उडालाय," मी म्हणालो. "धड्यापुरता पुन्हा गाशील?"

"कसला धडा नि काय. तुला दुसरं कोणी मिळत नाही?"

तरी तिने हेडफोन लावले. आईचा आवाज कानात पडला तशी ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली.

"इथे तिला दम लागायचा बघ," ती हळूच म्हणाली.

मग उठली आणि माइकसमोर उभी राहिली. गायली. वही नाही, शब्द पाठ. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला. ती थांबली, डोळे पुसले, पुन्हा उचललं. शेवटी हेडफोन काढून म्हणाली, "बरं वाटलं रे." इतकं मोकळं हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

ती गेल्यावर मी नवं रेकॉर्डिंग उघडलं. त्यात तिचा आवाज नव्हता. पंख्याची घरघर तेवढी होती.

तालमीची फाइल उघडली. तिसरा ट्रॅक भरलेला.

त्यावरची ताई तेविशीतली नव्हती. ही आजची, जाड झालेल्या गळ्याची. दुसऱ्या कडव्यात तिचा आवाज फाटला.

तिथे आईही थांबली होती. ताई पुन्हा उचलेपर्यंत.

गाणं संपल्यावर आई म्हणाली, "आलीस ना? आता जाऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी ताईचा आवाज उमटेना. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, सगळं ठीक आहे म्हणाले. याला चार महिने झाले. ती कागदावर लिहून बोलते. रोज दुपारी येते, हेडफोन लावून बसते. समाधानी दिसते, हे मी नाकारणार नाही. एकतिसावा धडा मी नेटवर टाकला नाही.

ताईशी बोलावंसं वाटलं की मी तिसरा ट्रॅक लावतो. गाण्यांच्या मधल्या जागा आता लांबल्यात. तिथे मायलेकी बोलत असतात, भाजीचं, पडद्यांच्या कापडाचं, काहीबाही.

काल त्या माझ्याविषयी बोलत होत्या, अगदी दबक्या आवाजात. नीट ऐकू यावं म्हणून मी आवाज वाढवला, तशा दोघीही गप्प झाल्या.