सकाळवाली आणि दुपारवाला

बंद शाळेच्या जिन्यात समोरून कुणीतरी येताना दिसलं आणि मी भिंतीला चिकटले, मान भिंतीकडे वळवली, मुकाट्यानं उतरू लागले. तोही पलीकडच्या भिंतीकडे बघत वर गेला. मग दोघंही थांबलो.

"तुम्ही... दुपारचे?" मी विचारलं.

"आणि तुम्ही सकाळच्या," तो हसला. "एरवी भिंतीवर एवढं प्रेम कोण करतं?"

आमच्या शाळेची रीतच तशी होती. मुलं मावेनात म्हणून शाळा दोन सत्रांत भरायची. सकाळी मुली, दुपारी मुलगे. मधल्या घंटेला आम्ही उतरायचो, ते चढायचे, आणि दोघांनीही भिंतीकडे बघायचं. चुकून नजर वळली तर पालकांना बोलावणं. त्या भिंतीचे पोपडे मला अजून तोंडपाठ आहेत. पुढे आसपासची वस्ती शहराबाहेर गेली, पट घसरला, दोन सत्रांचं एक झालं आणि यंदा शाळेला कुलूप लागलं. आता तिथे सरकारी कचेरी होणार होती.

शेवटची मुख्याध्यापिका माझी सख्खी आत्या. शाळेचा इतिहास लिहायचं काम तिनं माझ्या गळ्यात मारलं होतं. हा कचेरीसाठी खोल्यांची मापं घ्यायला आला होता. शुक्रवारी काम आटोपून दूर एका धरणाच्या कामावर जाणार, दोन वर्षांसाठी. हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मेल्यानं निदान दुसऱ्या दिवशी तरी सांगायचं!

"टेपचं एक टोक धराल का? एकट्यानं होत नाही," तो म्हणाला. मी धरलं. मग रोजच धरू लागले. त्याच्या बाजूनं टेप हलली की माझ्या बोटांना कळायचं, आणि मी उगाच खिडकीबाहेर बघायची.

"नववीत कुठे बसायचात?" एकदा त्यानं विचारलं.

"मागून दुसरा बाक. कोपऱ्यातला."

"माझाही तोच. मी यायचो तेव्हा बाक कोमट असायचा. मला वाटायचं, उन्हानं."

"त्या कोपऱ्यात ऊन येतच नाही."

"हो... काल माप घेताना कळलं."

माझे कान तापले. टेपचं टोक सुटलं ते सरसरत त्याच्यापर्यंत गेलं.

"इतिहास कुठवर आला गं?" आत्यानं जेवताना विचारलं.

"नववीपर्यंत."

"कालही नववीतच होतीस. नापास झालीस की काय?"

मी भात कालवायला घेतला. शाळेचा पाया कधी घातला ते लिहायला बसायची, आणि डोक्यात यायचं की इतकी वर्षं हा हातभर अंतरावरून गेला आणि मी पोपडे मोजत बसले. आता कुठे दिसला, तर शुक्रवार दारात उभा. तो मला हवा होता. आणि त्याला ते सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

शुक्रवारी दुपारी तो सामान भरत होता. मी त्याची पिशवी उचलून द्यायला गेले, तर तिच्यातून मुठीएवढं एक यंत्र घरंगळलं.

"हे काय?"

"माप घ्यायचं." त्यानं नजर चुकवली. "बटण दाबलं की समोरच्या भिंतीपर्यंतचं अंतर दाखवतं."

"टोक धरायला माणूस लागतं याला?"

"नाही... एकट्यानं होतं."

"मग काम कधी संपलं असतं?"

"सोमवारीच."

मला हसू आलं. "जाऊ नकोस," मी म्हणाले. 'तू' कधी झाला ते माझं मलाच कळलं नाही.

"जावं लागेल गं. शब्द दिलाय." तो जवळ आला. "थांब म्हणायचा हक्क नाही मला, पण..."

"म्हणून तर बघ."

"थांबशील?"

"थांबेन."

तो गेला. वळणाआड दिसेनासा झाला, तरी मी फाटकाला धरून उभी होते. दोन वर्षं म्हणजे काय असतं, ते मला चांगलं कळत होतं. घरी जाताना मात्र वाटभर मनातल्या मनात त्याच्याशी बोलत राहिले... जेवलास का, पोचलास का, झोपलास का. 'तू' म्हणायची सवय व्हावी म्हणून.