काडीवाली

बाळांच्या अतिदक्षता विभागात शर्टाची बटणं उघडी टाकून बसलेला तरणाताठा गडी दिसेल, हे विशाखाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती नेहमीसारखी हातात ट्रे घेऊन पडद्याआड शिरली आणि जागीच थबकली. खुर्चीत तो आरामात रेलला होता. त्याच्या उघड्या छातीवर, मऊ कापडात गुंडाळलेलं, मुठीएवढ्या डोक्याचं बाळ झोपलं होतं. आणि हा गडी त्याला कुजबुजत्या आवाजात आपल्या कंपनीतल्या सुपरवायझरच्या चुगल्या सांगत होता.

"बाळाची आई कुठंय?" नजर ट्रेवरच ठेवून तिनं विचारलं.

"खालच्या वॉर्डात. बीपी उतरंना तिचं. मी मामा, अभय." तो उठायला गेला, मग छातीवरच्या ऐवजाची आठवण होऊन पुन्हा टेकला. "डॉक्टर म्हणल्या, बाळाला कुणाच्या तरी अंगाची ऊब लागती. त्याच्या बापाची सुट्टी मंजूर व्हईना. म्हणलं, आपली ऊब अशीबी वायाच चाललीय..."

विशाखानं ओठ दाबून धरले. मास्क होता म्हणून बरं.

पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे बहिणीची, मोनालीची, सगळी धावपळ भावाच्या गळ्यात पडली होती. सकाळी शहागंजातल्या घरून आईचा डबा घेऊन यायचं, भाच्याला छातीशी धरून बसायचं आणि दुपारी बिडकीनच्या कंपनीची बस पकडायची, असा त्याचा दिनक्रम होता. गुलमंडीवरून आणलेली टोपी बाळाच्या नाकापर्यंत उतरत होती. दुकानात सगळ्यात लहान हीच मिळाली, असं त्याचं म्हणणं.

"मला एक काडी फिरवायचीय," विशाखानं कापसाची बारीक काडी उचलली.

"कुठं?"

"लंगोटाच्या आत."

अभयनं आधी बाळाकडे, मग स्वतःकडे पाहिलं. "त्याच्याच ना?"

आता मात्र ती हसलीच. हसू डोळ्यांत उतरलं आणि ते अभयनं बरोबर टिपलं.

काम तिनं नीट समजावून सांगितलं. काही जंतू असे निर्ढावलेले असतात की नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. इवल्या बाळांच्या पोटात ते गुपचूप बसलेले असू शकतात. म्हणून दर आठवड्याला प्रत्येक बाळाची तपासणी.

"आणि निघाला तर?"

"निघाला म्हणजे बाळ आजारी आहे असं नाही. पण मग त्याला वेगळं ठेवायचं, डोळ्यात तेल घालून लक्ष द्यायचं. आणि तो जंतू हातांवरून शेजारच्या बाळाकडे जाऊ द्यायचा नाही." ती त्याच्या हातांकडे पाहत म्हणाली, "तुम्ही हात कसे धुता, दाखवा बरं नंतर."

हात धुण्यावर लक्ष ठेवणं हाही तिच्या कामाचाच भाग होता. पण त्यानंतर बेसिनपाशी तिची पावलं जरा जास्तच वळू लागली, हे काही कामात लिहिलेलं नव्हतं. अभय कोपरापर्यंत साबण चोळायचा, नखं साफ करायचा आणि दर वेळी डावा अंगठा तेवढा विसरायचा.

"अंगठा राहिला."

"बघा की... ध्यानातच राहत नाय."

चौथ्या दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "मुद्दाम विसरता ना?"

"मुद्दाम नायतर काय. तेवढंच तुम्ही बोलता."

"आणि मला मॅडम का म्हणता हो? सगळे सिस्टर म्हणतात."

त्यानं नळ बंद केला, खाली मान घालून हात पुसले. "त्यांना म्हणू द्या. आपल्याच्यानं... नाय व्हणार."

त्या दिवशी विशाखानं दोन नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या तीनतीनदा तपासल्या. मन थाऱ्यावर नाही, हे तिचं तिलाच कळत होतं. एवढ्यात गुंतायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलंसुद्धा.

आणि मग रिपोर्ट आला. मोनालीच्या बाळाच्या पोटात तसलाच निर्ढावलेला जंतू निघाला.

सांगायचं काम तिचंच होतं. आपण समोर आलो की लोकांचे चेहरे उतरतात, याची तिला सवय होती. पण हा एक चेहरा उतरू नये असं तिला फार वाटत होतं. अभयनं सगळं ऐकून घेतलं, "बाळ ठीक हाये ना?" एवढंच विचारलं आणि कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत तो मुकाट्यानं हिरवा गाऊन चढवून बसला.

दुसऱ्याच दिवशी बाळाचं पोट फुगलं. दूध बंद झालं. छातीवरून उचलून त्याला पुन्हा काचेच्या पेटीत ठेवलं गेलं. डॉक्टर सोनियांनी रक्त तपासायला पाठवलं आणि लगोलग औषध सुरू केलं. जंतू रक्तात उतरला असेल, तर एवढ्याशा जिवाचं काही खरं नव्हतं. रक्ताचं समजायला दोन दिवस लागणार होते.

विशाखा बाहेर आली तर दारातच अभयची आई, पारूबाई, उभी.

"हीच ती काडीवाली," पारूबाई म्हणाली. "लेकरू चांगलं खेळत व्हतं. ही काडी घेऊन आली अन् रोग लागला. हिच्याच हातानं आला त्यो जंतू."

अभय शेजारीच होता. तो काही बोलला नाही. खाली बघत राहिला.

विशाखा "नाही हो, मावशी" एवढंच म्हणू शकली आणि चालू लागली. गेल्या वर्षी एका स्थळानं हेच म्हटलं होतं. पाहणं झालं, पसंती झाली आणि मुलाच्या आईला तिचं हे जंतू शोधायचं काम कळलं. ही पोरगी रोज घरी जंतू आणील, असं म्हणून त्यांनी नकार कळवला होता. तेव्हा तिनं ते हसण्यावारी नेलं होतं. आज मात्र पायऱ्या उतरताना तिला भडभडून आलं. सगळ्या जगानं म्हणावं, पण त्यानं गप्प राहावं... ते दोन दिवस तिनं दुसऱ्या मजल्यावरचीच कामं काढली. रात्रंदिवस जीव मात्र त्या काचेच्या पेटीपाशी होता.

लॅबमधून निरोप आला तेव्हा ती जवळजवळ धावतच गेली. रक्त स्वच्छ होतं. त्यात जंतूचा मागमूस नव्हता. बाळाचं पोट मऊ पडलं होतं, डायपर ओला आणि भरलेला होता, आणि भुकेनं त्यानं सगळा विभाग डोक्यावर घेतला होता. विशाखा भिंतीला टेकून उभी राहिली.

डॉक्टर सोनिया पारूबाईला सांगत होत्या, "आजी, पोट कशानं फुगलं ते नक्की सांगता येणार नाही. पण पोटात कुठला जंतू आहे, हे हिच्या तपासणीमुळं आधीच माहीत होतं. म्हणून त्याच्यावर चालणारं औषध पहिल्या तासात देता आलं. नाहीतर अंधारात चाचपडत बसलो असतो."

पारूबाईनं पुढं होऊन विशाखाच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. "बोलले ते पोटात घाल, बाई. जीव थाऱ्यावर नव्हता माझा."

बाळाला घरी सोडायच्या दिवशी दवाखान्याच्या अंगणात हिवाळ्याचं कोवळं ऊन पसरलं होतं. अभय पायऱ्यांशी वाट बघत थांबला होता. पहिल्यांदाच तो नीटनेटका, वरपासून खालपर्यंत बटणं लावून आला होता.

"त्या दिवशी मी गप्प बसलो," तो म्हणाला. "बोललो असतो तर... सगळ्यांसमोर रडलो असतो. पण बोलायला पाहिजे व्हतं. लई चुकलं माझं."

"हो, चुकलं," विशाखा म्हणाली. आणि मग, का कोण जाणे, तिनं त्याला त्या स्थळाची गोष्ट सांगून टाकली. घरी जंतू आणील म्हणून आलेला नकार. आईनं चोरून पुसलेले डोळे. सगळंच.

अभयनं सारं ऐकलं. मग विचारात पडल्यासारखा म्हणाला, "आमच्या भाच्याच्या पोटात त्यो जंतू अजून हाये ना?"

"आहे. काही महिने राहीलही. त्याला त्रास नाही त्याचा, फक्त सगळ्यांनी हात धुवायचे."

"म्हणजे आज तो रिक्षात बसून, आईच्या मांडीवरून, आमच्या घरी यायलाय."

"तसंच म्हणा."

"मग तुम्ही नवीन काय आणणार, मॅडम?" त्यानं तिच्याकडे सरळ पाहिलं. "जंतू आधीच यायलाय. तुम्हीच तेवढ्या यायच्या राहिल्यात... याल?"

विशाखाला एकदम हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरून आले.

"पुढल्या रविवारी," ती म्हणाली, "आईबाबांना घेऊन येते."