बसा म्हटल्यावर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय.

तेही रात्री-बेरात्री नाही. भर दुपारी, मुलांनी भरलेल्या वर्गात.

मावशी शाळेत भाषा शिकवायची. आवाज असा की वरच्या मजल्यावरचा दंगा खालून थांबवायची. तिच्या शाळेने परदेशातल्या एका शाळेशी जोडी जमवली होती. त्यांचे शिक्षक इकडे येणार, आपले तिकडे जाणार, एकमेकांच्या रीती मुलांना शिकवणार. मावशी आणि गणिताचे सर निवडले गेले. जायच्या आधी मावशीने घर नुसतं डोक्यावर घेतलं होतं.

तिथे पोचल्यावर सगळा उत्साह उतरला.

मुख्याध्यापिका कधी हसायच्या नाहीत. ही दोघं शिक्षकांच्या खोलीत गेली की बोलणं बंद व्हायचं. चहाचं सोडाच, कोणी साधी खुर्चीही सरकवून द्यायचं नाही.

"आपण पाहुणे आहोत की धाड घालायला आलोय?" सर म्हणाले.

"गप्प बसा हो, ऐकतील," मावशी म्हणाली. तिलाही आतून रडू येत होतं.

एका दुपारी तिला लहान मुलांच्या वर्गावर तास मिळाला. हिवाळा होता. दुपारीच दिवे लावलेले. सगळ्या खुर्च्यांच्या पाठींवर मुलांचे कोट लटकत होते. फक्त मागच्या भिंतीजवळची एक खुर्ची मोकळी होती. तिच्यावर कोट नाही, पिशवी नाही. मुलं त्या बाजूने जातसुद्धा नव्हती.

मावशीने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

"आमच्याकडे शिक्षक आत आले की मुलं उठून उभी राहतात," तिने मुलांना सांगितलं. "आणि शिक्षक 'बसा' म्हणाले की मगच बसतात. करून बघायचं?"

मुलांना गंमत वाटली. मावशी बाहेर गेली आणि ऐटीत परत आत आली. सगळी मुलं धडाधड उठली. मावशी आल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसली. दाराशी उभ्या असलेल्या सरांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्या...

आणि मागून एक खुर्ची सरकली.

सावकाश... फरशीवर घासत...

ती मोकळी खुर्ची मागे जाऊन भिंतीला टेकली होती. कोणीतरी उठून उभं राहिल्यावर सरकते, तशी.

"बसा," मावशी म्हणाली.

कोणीच बसलं नाही.

"बसा!" तिने आपला ठेवणीतला आवाज काढला.

मुलं तिच्याकडे बघतच नव्हती. सगळ्यांच्या माना मागे वळलेल्या होत्या. सरांनी पुढे होऊन एका मुलाचे खांदे दाबले, पण खांब दाबावा तसं झालं. मुलाचे गुडघे वाकेचनात.

तेवढ्यात मुख्याध्यापिका धावत दारापर्यंत आल्या. आत मात्र आल्या नाहीत.

"काय केलंत तुम्ही?"

"काही नाही हो, नुसतं उभं राहायला..."

"ते बसलेलं होतं!" त्या ओरडल्या. "आम्ही इथे यायच्या आधीपासून बसलेलं होतं. आम्ही या वर्गात कधी कोणाला उभं करत नाही. तुम्ही उठवलंत, आता तुम्हीच बसवा."

पहिल्या रांगेत एक बारीकशी, सर्दीने नाक लाल झालेली मुलगी होती. तिचे पाय लटपटत होते. "बाई, मला बसता येत नाही," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते.

मग मुलांच्या माना हलायला लागल्या.

सगळ्यांच्या, एकदम. मागून पुढे... हळूहळू... खुर्च्यांच्या रांगांमधून कोणीतरी चालत येतंय आणि मुलं त्याच्याकडे बघतायत, अशा.

पावलांचा आवाज नव्हता.

माना मावशीच्या टेबलापाशी येऊन थांबल्या. मावशीला अंगावर गार श्वास जाणवला. पळून जावंसं वाटलं, असं ती स्वतः सांगते. पण त्या बारीक मुलीचे डोळे आता फिरायला लागले होते.

मावशीने आपली खुर्ची ओढून पुढे केली.

"इथे बस," ती म्हणाली. "माझ्या जागेवर बस. पण पोरांना सोड."

खुर्चीवरची उशी दबली.

त्याच क्षणी सगळी मुलं धपकन खाली बसली आणि रडायला लागली. मावशीने त्या मुलीला उराशी धरलं. सरांचा जीव भांड्यात पडला.

मुख्याध्यापिकांनी आभार मानले नाहीत. "तुम्ही शिक्षकाची जागा दिलीत," एवढंच म्हणाल्या.

आणि पहिल्यांदा हसल्या.

संध्याकाळी बसमध्ये सरांनी मावशीला जागा करून दिली. ती जागेसमोर उभीच राहिली. गुडघे वाकेनात. विमानातून तिला कसं आणलं ते सर आजही सांगत नाहीत. विषय काढला की उठून जातात.

मावशीने नोकरी सोडली. ती आडवी होऊ शकते, चालू शकते. जेवते मात्र ओट्याशी उभ्याने. पाय सुजून भोपळ्यासारखे झालेत. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणतात, काहीही झालेलं नाही.

मागच्या रविवारी मला राहवलं नाही. मी खुर्ची आणली, तिचा हात धरला. "मावशी, बस ना गं आता."

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. समोरच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे बघत होती. चूक केलेलं पोर बाईंकडे बघतं, तसं.

"तू सांगून चालत नाही," ती कुजबुजली.

"मग कोणी सांगायचं?"

तिने घाईघाईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"बोलू नकोस. त्यांचं लक्ष आहे."

मी आणलेली खुर्ची माझ्या मागेच होती. खरं सांगते... त्या खोलीत असेपर्यंत बसायची माझीही हिंमत झाली नाही.