काळं बटण

वाळवंटाकडून कोरडा वारा सुटला होता, आणि गाउर स्ट्रीटवरच्या त्या छोट्याशा स्टुडिओत कपडेपटाचं दार सारखं आपटत होतं. ते पाचव्यांदा आपटलं तेव्हा दारात एक उंच तरुण उभा होता. त्याच्या बोटांत फिल्मची पट्टी फडफडत होती.

"काल मिस्टर टिलेरी दौडले," तो म्हणाला, "त्यात शर्टाचं तिसरं बटण काळं आहे. नायकाचं पांढरं."

व्हर्ना टिलेरीनं मान वर केली. मागे खोक्यावर तिचे वडील होबार्ट कॉफी पीत बसले होते. तोच चौकडीचा शर्ट त्यांच्या अंगात होता. नायकाला एक आणि होबार्टना एक, असे दोन जुळे शर्ट. नायक घोड्यावर टांग टाकायचा, हसायचा आणि उतरायचा; दौडायचं आणि पडायचं ते होबार्टनी. एकवीस वर्षं ते असे दुसऱ्यांच्या कपड्यांत पडत आले होते. परवा पांढरं बटण मिळेना, तेव्हा व्हर्नानं आपल्या कोटाचं काळं काढून लावलं होतं. सहा दिवसांत सिनेमा उरकणाऱ्या कंपनीत बटणं कोण बघतं?

"लोक बटणं मोजायला येतात का?" तिनं विचारलं.

"मी मोजतो."

"मग मोजा. दुसरं काम नसेल तर..."

"आहे ना. पण ते बटणांइतकं सुंदर नाही," असं म्हणून तो स्वतःच कानापर्यंत लाल झाला, आणि पट्टी गुंडाळत निघून गेला. ऑरिन त्याचं नाव. संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत दिवसभर रिळं कापत आणि चिकटवत बसायचा.

"हा काही बटणासाठी आला नव्हता," होबार्ट कपात बघत म्हणाले.

व्हर्नानं तोंडात चार टाचण्या धरल्या आणि एका झग्याची घडी दुमडू लागली. होबार्ट उठले, तरी दारात रेंगाळले. शनिवारी सिनेमाला जाऊ या का, म्हणाले. तू मला पडद्यावर कधी बघितलंच नाहीस, म्हणाले, आणि हसले. पोरीला आपल्या कामाची लाज वाटते अशी त्यांची समजूत होती. खरं म्हणजे तिला त्यांचं पडणं बघवत नसे. एवढं सांगायला दोन मिनिटं लागली असती. पण बाहेर चित्रीकरणाला नेणारी गाडी भोंगा वाजवत होती आणि अकरा टोप्यांच्या फिती बदलायच्या राहिल्या होत्या.

"जाऊ का गं मग?" त्यांनी विचारलं. रोजच विचारायचे.

तोंडात टाचण्या... तिनं नुसती मान हलवली.

त्याच दिवशी दुपारी, कॅमेरा बंद करून सगळे जेवायला बसले असताना, होबार्ट घोडा पाण्यावर नेत होते. खडकाळ उतारावर घोड्याचा पाय घसरला. कॅमेऱ्यासमोर शेकडो वेळा पडून उठलेला माणूस कुणी बघत नसताना पडला, तो उठलाच नाही.

त्यानंतरचे महिने व्हर्नानं कामात घालवले. सकाळी सवयीनं दोघांची कॉफी व्हायची. एक कप ती मोरीत ओतायची. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर काम मिळेल या आशेनं उभे असलेले घोडेस्वार ती दिसली की टोप्या काढून गप्प होत. म्हणून तिनं तो रस्ताच सोडला. ऑरिन मात्र दर शुक्रवारी यायचा. कधी फीत, कधी रुमालाची गाठ, काहीतरी विचारायचा. ती एका शब्दात उत्तर द्यायची. गरज नसतानाही टाचण्या तोंडात धरायची. टाचण्या असल्या की बोलावं लागत नाही. तो थोडा वेळ उभा राहायचा, "बरं, निघतो," म्हणायचा आणि जायचा. तो गेल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटायची.

ऑक्टोबरात तो पट्टी न घेताच आला.

"नायकाच्या चौकडीच्या शर्टाला तिसरं बटण काळं लावाल?" त्यानं विचारलं. नव्या सिनेमात मालकांनी वसंतातली, काळ्या बटणाची जुनी दौड घालायला सांगितली होती. ते नेहमीचंच, एकदा पळवलेला घोडा ही कंपनी चार सिनेमांत पळवायची. "आजवर मिस्टर टिलेरींना त्याच्यासारखं दिसावं लागलं. या खेपेला त्यानं त्यांच्यासारखं दिसावं."

व्हर्नाचे हात थांबले. टाचण्या एकेक करून तिनं छोट्या कापडी उशीत खोचल्या.

"आणि शेवटी... पडणं?"

"नाही. ते पडत नाहीत. खडकाआड निघून जातात, तिथंच कापलंय मी." तो जमिनीकडे बघत राहिला. "मालक ओरडले. ओरडू देत."

तिनं कोटाचं दुसरं काळं बटण कापलं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारच्या खेळाला दोघं गेली. थिएटर पोरांनी भरलेलं, शेंगांच्या टरफलांचा पायाखाली खच. पडद्यावर नायक ऐटीत घोड्यावर बसला, त्याच्या छातीवर काळं बटण. आणि मग धुरळ्यातून तो स्वार आला. मानेवर वाकलेला, लगाम डाव्या हातात, सैल... कॉफीचा कप धरावा तसा. चेहरा दिसत नव्हता. पोरं पाय आपटून ओरडत होती. घोडा खडकाला वळसा घालून गेला. मागे धूळ तेवढी राहिली. त्यांची दौड बघताना व्हर्नानं पहिल्यांदाच डोळे मिटले नव्हते.

बाहेर उन्हं उतरली होती. तिच्या दारापर्यंत दोघं चालत गेली. वाऱ्यानं तिचा कोट उघडत होता. ती एका हातानं धरून ठेवत होती.

"बटणं कुठं गेली?" त्यानं विचारलं.

"सिनेमात काम करतात."

तो हसला. तीही... किती दिवसांनी. आणि हसता हसता तिचा आवाज बदलला.

"मला त्यांची लाज नव्हती वाटत, ऑरिन. भीती वाटायची. त्यांना हे कधी सांगितलं नाही. त्या दिवशी ते विचारत होते, जाऊ का... आणि माझ्या तोंडात टाचण्या होत्या."

 पायरीखाली उभा राहून त्यानं तिच्या कोटाची बाजू वाऱ्यापासून सावरून धरली, मग सोडली. समोरच्या घरात कुणीतरी दिवा लावला.

"जाऊ मी?" त्यानं हळूच विचारलं.

व्हर्नाचं तोंड रिकामं होतं. मान हलवणं सोपं होतं, आणि मान हलणारच होती.

"थांब," ती म्हणाली. "नको जाऊस. थांब ना जरा."