मागचं दार बुजवलं तेव्हा

ही गोष्ट खरी आहे.

इथे प्रत्येक जण हेच म्हणतो, मला माहीत आहे. मीसुद्धा आजवर अशा गोष्टींखाली हसणारे चेहरे टाकत आलोय. पण ही माझ्या घरात घडली आणि अजून संपलेली नाही. पटलं तर ठेवा, नाहीतर सोडा.

यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी झालं. लख्ख उन्हात आणि दिवेलागणीला. नागपूरच्या पलीकडे सौंसर गावात, आमच्या राहत्या घरात.

मी हेमंत. नागपूरच्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो. लोकांच्या वेबसाइट बांधायच्या आणि चालू ठेवायच्या. घरात मी, बायको अमृता आणि आई. माझा धाकटा भाऊ चेतन तीन वर्षांपूर्वी गेला. तिगावच्या रस्त्यावर, मोटरसायकलच्या अपघातात.

चेतनला आवाज गोळा करायचं वेड होतं. पांढुर्ण्याच्या मंडीतला संत्र्याचा लिलाव, जिनिंगची घरघर, भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या बाया, तिगाव स्टेशनवर न थांबता जाणारी मालगाडी. रेकॉर्डर घेऊन फिरायचा आणि सगळं आपल्या वेबसाइटवर टाकायचा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या शेवटी त्याचं एकच वाक्य असायचं.

"चला, आता घरी जाऊन राहिलो."

म्हणजे, घरी निघालो. एवढं बोलून बंद.

त्याचा रेकॉर्डर अपघातात चेंदामेंदा झाला. उरली फक्त वेबसाइट. आई रोज देवापाशी दिवा लावून झाला की टॅबवर त्यातलं एखादं रेकॉर्डिंग ऐकते. तिला लिलावाशी काय घेणंदेणं? ती त्या शेवटच्या वाक्यासाठी बसते.

आणखी एक सांगतो.

चेतनला घरी आणलंच नाही. आमच्याकडे अपघातात गेलेला, त्यातून पोस्टमार्टम झालेला माणूस उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. घरातल्या मोठ्यांनी तसं ठरवलं आणि पांढुर्ण्याहून गाडी सरळ मोक्षधामावर गेली. आई मागच्या दारात पाण्याची बादली भरून उभी होती. चेतन बाहेरून आला की मागूनच यायचा, पाय धुवायचा आणि मग आत. ती बादली संध्याकाळपर्यंत तशीच भरलेली राहिली.

तेव्हापासून आई दिवेलागण झाल्याशिवाय मागचं दार लावत नाही.

आणि रोज, दिवेलागणीच्या सुमाराला, त्या दाराची लोखंडी कडी एकदा वाजते...

खळ्ळ.

आई म्हणते, "आला." मग उठून दार लावते.

मी म्हणायचो, वारा.

तर तो शनिवार. आई मोहगावला पुष्पामावशीकडे गेली होती. तिला धुळीचा त्रास आहे, म्हणून घराची राहिलेली कामं मी मुद्दाम त्या दोन दिवसांत काढली. त्याच दोन दिवसांत दुसरंही काम डोक्यावर होतं. आमच्या तीन वेबसाइट, माझी, अमृताची आणि चेतनची, ज्या कंपनीच्या होस्टिंगवर होत्या, ती कंपनी दुकान बंद करत होती. रविवारी संध्याकाळी सगळं पुसलं जाणार होतं.

ज्यांना हे कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाइट म्हणजे सामान, होस्टिंग म्हणजे भाड्याची खोली. खोली सोडायच्या आधी सामान हलवलं नाही तर गेलं. चेतनचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

शनिवारी सकाळी मी फाइली उतरवायला लावल्या. मागे गुणवंता मिस्त्री दाराशी ठोकठाक करत होता. त्याने मला हाक मारली.

"भाऊ, चौकट पुरी उदईनं खाल्ली जी. कडीले हात लावला तं सारी चौकट हालते."

मला तर आनंदच झाला. बघा, वारा आणि वाळवी! तीन वर्षं मी दुसरं काय सांगत होतो?

"नवी चौकट?"

"सुतार लगनाच्या कामात हाय. लवकर नाई येत तो. म्हणसान तं विटा लावून बुजवून देतो."

मी म्हटलं, बुजव. पुढचं दार आहे की. भिंत झाली तर इन्व्हर्टरला जागा होईल.

अमृता ओट्यापाशी उभी होती. "आईले विचारलं का?"

"तिले काय विचाराचं? भिंत पाहून खूश होईल."

"तुमचं असंच असते. सारं आपल्याच मनानं," ती म्हणाली आणि आत गेली.

दुपारपर्यंत दार निघालं, विटा चढल्या, दोन्ही बाजूंनी प्लास्टर झालं. काम चांगलं झालं होतं. तिकडे सगळ्या फाइली उतरल्या होत्या. एक लावून पाहिली. लिलावाचा गोंगाट, मग चेतन. "चला, आता घरी जाऊन राहिलो." बंद. व्यवस्थित.

दिवेलागण झाली. अमृताने दिवा लावला. आम्ही दोघंही थांबलो होतो. कशासाठी, ते दोघांनाही ठाऊक होतं.

काहीच वाजलं नाही.

"आज कडी नाई वाजली," अमृता म्हणाली.

"कडीच नाही, तर वाजेल कशी?"

बोलणं बरोबर होतं. पण घर इतकं गप्प झालं होतं की मी उगाच टीव्ही लावला.

रविवारी सकाळी मी सगळं नव्या होस्टिंगवर चढवलं आणि पत्ता तिकडे वळवला. मग तपासायला बसलो. माझी वेबसाइट ठीक. अमृताची ठीक. चेतनची उघडली आणि हेडफोन लावले. जिनिंगची घरघर. मग तो. "चला, आता घरी जाऊन राहिलो."

मी दुसऱ्या फाइलकडे बोट नेलं आणि थांबलो.

आवाज बंद झाला नव्हता...

कोणीतरी चालत होतं.

वाळक्या पानांवरून, मग मुरुमावरून. आमच्या मागच्या बोळात मुरूमच आहे. स्क्रीनवरची पट्टी शेवटाला टेकलेली होती. रेकॉर्डिंग संपलं होतं आणि पावलं चालूच होती.

पावलं थांबली. मग...

थप.

थप. थप.

ओल्या सिमेंटवर तळहात मारावा तसा आवाज.

मी हेडफोन काढून फेकले. मागच्या भिंतीकडे पाहिलं. तिकडे काही नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं, बाहेर भाजीवाला ओरडत होता.

मी कामाचा माणूस आहे. चूक शोधायची सवय आहे मला. फाइल चढवताना बिघडली असेल म्हणून लॅपटॉपवरची ऐकली. त्यातही पावलं. उतरवताना बिघडली असेल म्हणून जुन्या होस्टिंगवरची मूळ फाइल ऐकली. चेतन गेल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता.

तिच्यातही पावलं. तिच्यातही थपथप.

मग मी मालगाडी लावली. भुलाबाईची गाणी लावली. प्रत्येक ठिकाणाहून तो निघत होता आणि प्रत्येक ठिकाणाहून आमच्या भिंतीपाशी येत होता. भुलाबाईच्या गाण्यांमागून थपथप झाली, आणि नंतर अगदी जवळून...

"माय... दार कोनं लावलं वं?"

 तो माझा भाऊ होता. पाठीवर बसवून ज्याला गावभर फिरवलं, त्याचा आवाज मी ओळखणार नाही का? तो रडत नव्हता. पोराने उशीर झाल्यावर घाबरत विचारावं, तसं विचारत होता. 

तेवढ्यात मागून गुणवंताची हाक आली. तो प्लास्टरवर पाणी मारायला आला होता.

"भाऊ, जरा इकडं येता का?"

मी बोळात गेलो. बाहेरच्या बाजूचं प्लास्टर खांद्याच्या उंचीवर आत दबलं होतं.

"कोनी ढकललं का हो? काल ओलं होतं ना."

"ढोर टेकलं असेल."

"ढोर इतक्या उंचावर कसं टेकते जी?" तो हसत म्हणाला. 

मी अमृताला सगळं सांगितलं आणि ऐकवलं. ती पूर्ण ऐकू शकली नाही. हेडफोन काढून तिने माझा दंड धरला.

"आई संध्याकाळच्या बसनं येऊन राहिली. दिवा लागला की टॅब घेऊन बसंन. तिनं हे ऐकलं तं?"

आता काय करायचं? फाइली पुसल्या तर आईला चेतन पुन्हा कधीच ऐकू येणार नाही. ठेवल्या तर तिचं पोर भिंतीबाहेर उभं राहून तिला विचारतंय, हे ती ऐकणार. आणि ऊन उतरत होतं. पलीकडे होस्टिंगची जुनी खोलीही रिकामी होणार होती.

अमृताच म्हणाली, "भिंत पाडा."

गुणवंताने मला वेड्यात काढलं असेल. कालच बांधली आणि आज पाडा? पण माझं तोंड पाहून त्याने पहार उचलली. कच्ची भिंत होती, भराभर निघाली. शेवटच्या विटा मी हातानेच ओढत होतो, तेव्हा आई पिशवी घेऊन पुढच्या दारातून आत आली.

तिने धूळ पाहिली, विटा पाहिल्या, ते भगदाड पाहिलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. पण ती पदर नाकाला लावून भगदाडापाशी गेली आणि बोळात पाहत राहिली.

"पुष्पाकडं जीवच लागला नाई रे," ती म्हणाली. "सारखं वाटून राहिलं, कोनी तरी हाका मारून राहिलं."

गुणवंताने तिथे ताडपत्री बांधून दिली. आईने दिवा लावला, टॅब घेतला. मी आणि अमृता तिच्या मागे उभे होतो.

लिलावाचा गोंगाट. मग चेतन.

"चला, आता घरी जाऊन राहिलो."

बंद. पुढे काही नाही. आईने टॅब कपाळाला लावला आणि जेवायला वाढायला उठली. अमृता मोरीत जाऊन रडली. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, झालं, मिटलं.

सोमवारी सकाळी आई भाजी निवडत होती. जुनं होस्टिंग बंद झालं होतं, नवं सुरळीत चालू होतं. मी सवयीने एकदा तपासायला म्हणून हेडफोन लावले आणि मालगाडी ऐकली. गाडी गेली. "चला, आता घरी जाऊन राहिलो."

पावलं...

मुरूम. मग ताडपत्री सरकल्याचा आवाज. फरशीवर ओले पाय. तो आत आला होता. कुणी अडवलं नाही. पावलं स्वयंपाकघरातून पुढे गेली आणि थांबली. मग एक बाई बोलली. म्हाताऱ्या, आनंदी आवाजात.

"आला का रे बापू? थांब, चप्पल घालते."

आईचा आवाज होता. लाडात आली की ती चेतनला बापूच म्हणायची.

तीन पावलं... चार... आणि मग दोघांची पावलं, हळूहळू, मुरुमावरून दूर जाताना.

चेतनने आईचा आवाज कधीही रेकॉर्ड केला नव्हता. तिने त्याला करूच दिला नाही. आणि माझ्यासमोर आई मेथीची पानं खुडत बसली होती, जिवंत, धडधाकट. तिने मान वर करून विचारलं, "काय रे, काय झालं?"

मी म्हटलं, काही नाही.

अमृताने ऐकलं.  सरळ जाऊन तिने मागच्या पायरीवरची आईची चप्पल उचलली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

तेव्हापासून आम्ही रोज हेच करतो. सकाळी चप्पल काढून देतो, ऊन उतरलं की कपाटात. सुतार दोनदा येऊन माप घेऊन गेला. दार बसवू की नको, मला सांगता येत नाही. बंद केलं तर तो बाहेर उभा राहून विचारत राहील. उघडं ठेवलं तर तो एक दिवस येईल आणि आई हसत उठेल. फाइली पुसायला कितीदा तरी बसलो. माझं बोट चालत नाही. त्याचा आवाजच तेवढा उरलाय. मला भीती वाटते, आणि कोणाची वाटते हेही नीट सांगता येत नाही. तो तर आपला चेतनच आहे.

संध्याकाळी मी त्या भगदाडात खुर्ची टाकून बसतो. लोक विचारतात, मी म्हणतो, वारा चांगला येतो.

काल आई माझ्यामागे येऊन उभी राहिली. केसांवरून हात फिरवला. कितीतरी वर्षांत तिने असं केलं नव्हतं.

"चप्पल काहून लपवून राहिला रे हेमंत?" ती हसून म्हणाली. "अनवाणी बी चालता येते मले."