एकाच गाईची पाच नावं

पहिल्या भेटीतच त्याने माझ्या हातात शेण ठेवलं. प्लास्टिकच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, वर चिठ्ठी – 'तांबडी, वय चार वर्षं'. जनावरांच्या दवाखान्यात नमुने तपासायचं माझं काम. दिवसाला वीसेक बाटल्या येतात, पण इतकी लख्ख पुसलेली बाटली मी आजवर पाहिली नव्हती.

मी आमच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आपण घड्याळं दुरुस्त करतो, असं त्याने सांगितलं.

"म्हणजे आपण दोघंही एक डोळा मिटूनच पोट भरतो," तो म्हणाला. मी हसू दाबलं... पण गालांनी चुगली केली.

जंताचं एकही अंडं निघालं नाही. पुढच्या गुरुवारी त्याने चांदीचं शेण आणलं. मग मोरीचं, कपिलाचं, ढवळीचं. सगळ्या ठणठणीत. गुरुवारी मी केस जरा नीट विंचरून येऊ लागले. शेण तपासायला एवढा थाट कशाला, असं मोठ्या डॉक्टरांनी विचारलंच. मी त्याच्या पाच गाईंचं कौतुक सांगत बसले.

"पाच?" ते म्हणाले. "अगं, त्याच्या गोठ्यात एकच गाय आहे. आणि एक वासरू."

मी हबकलेच. एका गाईचं पाच वेळा बारसं! हसावं की रडावं कळेना, आणि मग रागच आला. मी डोळे फोडून तपासत होते, आणि हा बसून गंमत बघत होता.

पुढच्या मंगळवारी सकाळीच तो धावत आला. यावेळी कागदात गुंडाळलेली बाटली होती, वर नावही नव्हतं.

"यावेळी खरंच – वासरू आहे. कालपासून –"

"यावेळी खरंच का?" मी मान वर न करता म्हटलं. "ठेवा तिकडे."

त्याचा चेहरा पडला. मला सगळं कळलंय, हे त्याला समजलं. बाटली ठेवून तो गेला. मी ती उघडली नाही.

बुधवारी दुपारी फळी आवरताना ती हाताला लागली. टाकून देण्याआधी सहज झाकण काढलं. आत रक्त होतं. काचपट्टीवर बारीक गोल अंडीच अंडी. वासरांना रक्ताची हगवण लावणारे परजीवी... दोन दिवसांत वासरू आडवं पाडतात.

डॉक्टरांना घेऊन मी त्याच्या गोठ्यावर पोचले. वासरू ओल्या जमिनीवर मान टाकून पडलं होतं, डोळे खोल गेलेले. डॉक्टरांनी त्याची पापणी खाली ओढली. आत लाली नावालाही नव्हती. त्यांनी सलाईन लावलं, तोंडातून औषध पाजलं, गोठा कोरडा करायला सांगितला. रात्र निघाली तर वाचेल, म्हणाले.

तो वासराचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. "वाईट काही असतं तर तुम्ही लगेच फोन केला असता," तो म्हणाला. "म्हणून मी निर्धास्त होतो."

मला गप्प राहता आलं असतं. त्याने काही विचारलं नव्हतं.

"मी बाटली उघडलीच नव्हती," मी म्हटलं. "कालपासून तशीच होती. मला वाटलं, पुन्हा थट्टा... तुम्ही मला आवडायला लागला होता, म्हणून राग जास्त आला."

तो माझ्याकडे बघतच राहिला. असं काही ऐकायची ही वेळ नव्हती, आणि सांगायचीही नव्हती. मग वासराच्या अंगावर गोणपाट ओढत म्हणाला, "तुम्ही आता घरी जा."

मी गेले. डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी प्रयोगशाळा उघडली, तर तो दारातच उभा. कपडे कालचेच, डोळे तांबारलेले. मला विचारायचाही धीर होईना.

"उठलं," तो म्हणाला. "पहाटे आईला लुचलं."

मी हातातलं कुलूप टेबलावर ठेवलं.

"मी रागावलोय. अजून आहे राग," तो म्हणाला. "पण ते उठलं तेव्हा... आधी सांगावं असं दुसरं कुणी आठवलंच नाही."

"मग इथे बसून रागवा," मी म्हटलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

तो बसला.